सर्वांत मागे लारू हॅस्लम

अल्कली वेल्स गावात असा प्रौढ माणूस सापडणे कठीण, ज्याने आयुष्यात एकदा तरी रणरणत्या उन्हात एखाद्या फाट्यावर उभे राहून लारू हॅस्लमची वाट पाहिलेली नाही. वाट पाहणाऱ्यांत डॉक्टर होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, चर्चच्या वॉर्डाचा, म्हणजे गावातल्या मंडळीचा, बिशपही होता. आणि त्या वेळी त्यांतल्या प्रत्येकाने तिला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती, हेही गावाला माहीत होते. लारूलाही माहीत होते. तिची त्याबद्दल तक्रार नसे. मागे राहणाऱ्याने पुढच्यांचे बोल खायचे, हे ती त्या कामातच धरून चालली होती.

गावाच्या पश्चिमेला सरकारी जमीन सुरू होते आणि थेट नेव्हाडाच्या हद्दीपर्यंत संपत नाही. सेजची करडी झुडपे, मधूनच सीडरची खुरटी झाडे, कोरडे ओहोळ, आणि मेंढपाळांनी, खाणवाल्यांनी, सरपण आणणाऱ्यांनी आपापल्या सोयीने पाडलेल्या वाटा. एका वाटेला दोन फाटे फुटतात, त्या दोहोंना पुढे आणखी. या मुलखात मोटारसायकलींचा ताफा घेऊन जायचे तर कुणालाच पुढच्याच्या मागे चिकटून जाता येत नाही. फुफाटा इतका उडतो, की स्वाराला स्वतःचे पुढचे चाकही दिसेनासे होते. अंतर ठेवावे, तर पुढचा कुठल्या फाट्याला वळला ते कळत नाही. म्हणून गावातल्या स्वारांच्या क्लबाने फार पूर्वी एक रिवाज बांधला. फाटा आला, की म्होरक्याने हात वर करायचा. त्याच्या लगेच मागच्याने तिथेच थांबायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. सगळे पुढे गेले असे कितीही वाटले, तरी त्याने जागा सोडायची नाही. ताफ्यातला शेवटचा स्वार येऊन थांबेल, तेव्हा त्याला विचारायचे, "मागे कुणी राहिलं?" शेवटच्याने सांगायचे, "कुणी नाही." मगच निघायचे. अशी माणसे फाट्याफाट्यावर गळत जातात आणि शेवटचा स्वार ती गोळा करत येतो.

शेवटची जागा कुणालाच नको असते. सगळ्यांचा धुरळा नाकातोंडात जातो, शर्यत लावता येत नाही, कुणाची साखळी तुटली किंवा कुणी ओहोळात आडवा झाला, की थांबायचे ते त्यानेच. सुरुवातीला ही जागा आळीपाळीने दिली जाई. एका वर्षी ज्याची पाळी होती, त्याला घरी लग्नाला जायची घाई होती. प्रत्येक फाट्यावर त्याने न थांबताच हात हलवून "कुणी नाही" असे कळवले. मागे ऑरिन लीविट एका घळीत मोटारसायकलीखाली अडकून पडला होता. तो सापडला तेव्हा दुसरा दिवस कलला होता. जगला, पण त्याचे डावे पाऊल पुन्हा कधी सरळ पडले नाही. ऑरिनचा थोरला भाऊ रूलन हा क्लबाचा म्होरक्या. त्याने पुढच्या बैठकीत सांगितले, की यापुढे शेवटची जागा एकाच माणसाची असेल आणि ते माणूस लारू असेल. बायकांनी मोटारसायकल चालवणेच जिथे थट्टेचा विषय होते, तिथे हे ऐकून काही जण हसले. रूलनने त्यांना एवढेच विचारले, की स्वतःचा भाऊ घळीत पडला असता तर मागे कोण असावे असे वाटले असते. पुन्हा कुणी हसले नाही.

लारू तेव्हा पंचविशीत होती. नवरा ग्लेड याच्याबरोबर ती गावाच्या टोकाला दुरुस्तीचे दुकान चालवी. मोटारसायकली, पाण्याचे पंप, करवती, जे बंद पडेल ते. ग्लेडचा हात लोखंडाला चांगला, लारूचा कान यंत्राला. इंजिन सुरू करून ती मान तिरकी करी आणि दुखणे सांगे. तिचे बोलणे थोडके आणि कोरडे. रविवारी चर्चमध्ये सभासदांनी पाळीपाळीने करायच्या भाषणांत तिचे सर्वांत लवकर संपे, म्हणून मुलांना ती फार आवडे. ग्लेड गेल्यावर मुलीने तिला सॉल्ट लेकला बोलावले. लारू तिथे आठवडाभर राहून परत आली आणि म्हणाली, की शहर छान आहे, पण तिथे कुणी मागे राहिले तर कळत नाही.

मोटारसायकल झेपेनाशी झाल्यावर ती आडरानात चालणारी चारचाकी घेऊन निघू लागली. जागा मात्र तीच.

या जागेमुळेच तिला एक गोष्ट दिसली, जी पुढच्यांना कधी दिसली नसती.

तो एकोणीसशे साठच्या दशकातला वसंत होता. ताफा सॉल्टर माळाच्या अलीकडे मुक्कामाला होता आणि पहाट फुटताच निघाला होता. सॉल्टर रस्ता म्हणजे जुन्या काळी मेंढपाळांच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी. ती माळ ओलांडून खिंडीत जाते आणि खिंडीपलीकडच्या साऱ्या मुलखाची ती एकच वाट आहे. पुढचे स्वार गर्जत माळावरून निघून गेले. वारा नव्हता, त्यामुळे धुरळा हलेना. लारूने इंजिन बंद केले आणि तो खाली बसायची वाट पाहत राहिली.

आधी आवाज आला. पाण्याने भरलेल्या घागरीच्या तळातून बुडबुडा वर येऊन फुटावा तसा, मग दुसऱ्या बाजूने दुसरा, मग चहूकडून. धुरळा विरला, तेव्हा माळावर सेजकोंबडे उभे होते. गावातल्या प्रत्येकाने सेजकोंबडा पाहिला होता, बहुतेकांनी खाल्लाही होता. पण विणीच्या दिवसांतला हा नाच वेगळाच होता. शेपटीची अणकुचीदार पिसे सूर्याच्या किरणांसारखी पसरलेली, छातीवर पांढरी लोकर फुगून आलेली आणि तिच्यातून दोन पिवळट गोळे पुढे येऊन टपकन आत जात होते. दोन पावले पुढे, छाती वर, टप्. पुन्हा दोन पावले. ते शेकड्याने असावेत. मधे काही करड्या माद्या अशा हिंडत होत्या, जणू बाजारात आल्या आहेत आणि काही घ्यायचा त्यांचा मुळीच विचार नाही. मोटारसायकलींची चाके ज्या जमिनीवरून आत्ताच गेली होती, त्याच जमिनीवर ते परतले होते. चाकोरीत दोन कोंबडे मेले होते. बाकीचे त्यांच्या बाजूला नाचत होते.

लारू बसून राहिली. हलले तर उडतील, म्हणून तिने हातमोजाही काढला नाही. ऊन वर येऊन पक्षी आपण होऊन पांगेपर्यंत ती तशीच होती. आणि तेवढा सारा वेळ, माळापलीकडच्या पहिल्या फाट्यापासून खिंडीपर्यंत, क्लबाचे स्वार आपापल्या फाट्यावर खिळून उभे होते. कुणाला जागा सोडायची मुभा नव्हती. पहिल्या फाट्यावरच्याने आधी पाणी संपवले, मग धीर. मागे परतून पाहावे तर रिवाज मोडतो, उभे राहावे तर लारू मेली असेल ही भीती. शेवटी रूलनच पुढून उलटा आला, तेव्हा ती शांतपणे मोटारसायकल सुरू करायला किक मारत होती.

त्याने तिला जे ऐकवले, ते त्याने नंतर बिशपपुढे कबूल केले म्हणतात. लारूने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "उद्या पहाटे माझ्याबरोबर ये. गाडी लांब ठेवायची. पोटावर झोपावं लागेल."

दुसऱ्या पहाटे रूलन, ग्लेड आणि आणखी दोघे तिच्यासोबत टेकाडावर पोटावर पडले. खाली उतरून ते ओहोळाशी आले. ओहोळात एक वाळलेले सीडरचे खोड होते. ते ग्लेडने आणि रूलनने ओढत आणून माळाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवे टाकले. त्यानंतर दर वसंतात, बर्फ वितळून वाट मोकळी झाली, की वर्षाच्या पहिल्या फेरीत शेवटचा स्वार परतताना ते खोड आडवे टाकी, आणि पक्ष्यांचा नाच संपला की बाजूला करी. शेजारच्या गावचे स्वारही ते मानू लागले. त्यासाठी कुणी ठराव केला नाही, पाटी लावली नाही. खोड आडवे आहे म्हणजे माळ सध्या पक्ष्यांचा आहे, इतके सगळ्यांना कळे.

पुढे दिवस पालटले. शहरांतून माणसे येऊ लागली, मोठमोठ्या चारचाकी घेऊन. त्यांना खोड म्हणजे शेकोटीचे लाकूड वाटे. एका वर्षी ते जळाले, मग दुसरे, मग ते टाकणेच थांबले. पक्षी रोडावले. अखेर केंद्र सरकारच्या जमीन-खात्याने सॉल्टर रस्त्यावर लोखंडी फाटक उभे केले आणि ते बारमाही बंद ठेवले.

गाव खवळले. खिंडीपलीकडे गावकऱ्यांचे सरपण होते, हरणांची शिकार होती, लीविटांच्या आजोबांची कबर होती. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक सरकारने, खात्यावर दावा लावला. कायदा असा, की सरकारी जमिनीवरचा एखादा रस्ता एकोणीसशे शहात्तर सालच्या आधी सलग दहा वर्षे लोकांनी मोकळेपणी वापरलेला असेल, तर तो काउंटीचा, म्हणजे लोकांचा. खात्याला तो बंद करता येत नाही. ते सिद्ध करायचे, तर त्या काळी त्या वाटेने गेलेली माणसे हवीत. आणि ती माणसे भराभर चालली होती. त्यामुळे खटला उभा राहण्याआधीच म्हाताऱ्यांच्या जबान्या नोंदवून ठेवायचे ठरले.

काउंटीचा वकील केंडन टॉल्मन हे सांगायला लारूच्या दुकानात आला. गावचाच मुलगा, हुशार, चष्मा सारखा वर सारणारा. जबानी लवकर का घ्यायची, हे तो जरा आडवळणाने सांगू लागला.

"म्हणजे मी मरायच्या आत," लारू म्हणाली.

"तसं नाही, सिस्टर हॅस्लम…" चर्चमधल्या रीतीने हाक मारत तो म्हणाला.

"तसंच आहे. लाजतोस कशाला? गवतही पाऊस यायच्या आतच कापतात."

त्या काळच्या स्वारांपैकी साक्ष देण्याजोगे दोघेच उरले होते, रूलन आणि लारू. केंडनने दोघांची तयारी करून घेतली. विचारले तेवढेच सांगायचे, हे त्याने पुनःपुन्हा बजावले. कुणी पाणी मागितले तर पाणी द्यावे, ताट वाढायला बसू नये, असे त्याचे म्हणणे. बोलता बोलता लारूने खोडाचा विषय काढला, तेव्हा त्याचा चष्मा वर सारणारा हात तिथेच थांबला. सलग आणि मोकळेपणी, हे दोन शब्द त्या खटल्याचा कणा होते. ज्या रस्त्यावर वापरणाऱ्यांनीच दर वर्षी आडकाठी घातली, तो सलग कसा आणि मोकळा कसा, असे समोरची बाजू विचारणारच. केंडनने तिला खोटे बोलायला सांगितले नाही. तो तसला माणूस नव्हता. खोडाबद्दल समोरच्यांना काही माहीत नाही, मग ते विचारणारही नाहीत, इतकेच तो म्हणाला.

रूलनने मात्र आडपडदा ठेवला नाही. तो तिच्या दुकानात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ते लाकूड आपण टाकलं, आपण काढलं. आपलं आपल्यात. त्या डेन्व्हरच्या सरकारी वकिलांचा काय संबंध?"

लारूने त्याने आणलेल्या तोटीचा वॉशर बदलून दिला.

जबानी काउंटीच्या इमारतीतल्या बैठकीच्या खोलीत झाली. खात्याच्या बाजूने ओकाडा नावाची वकीलबाई डेन्व्हरहून आली होती. मध्यमवयीन, सभ्य, घसा बसलेली. सकाळी रूलनला विचारले गेले, की त्या रस्त्यावर तुम्हांला कधी कुणी अडवले का. "नाही," तो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. अडवायला दुसरे कुणी नव्हतेच. दुपारी लारू बसली. ती कधीपासून त्या रस्त्याने जात होती, सोबत कोण असे, इतर गावांतून कोण येई, हिवाळ्यात बर्फाने वाट किती काळ बंद राही, असे प्रश्न झाले. लारूने एकेका वाक्यात उत्तरे दिली. केंडन खुर्चीत हळूहळू सैलावत गेला. वकीलबाईंनी कागद जुळवले, पेनाला टोपण लावले, आणि अशा कामाच्या शेवटी सगळे वकील विचारतात तसे, जवळजवळ दाराकडे बघतच विचारले,

"मिसेस हॅस्लम, या रस्त्याविषयी आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?"

या प्रश्नाला सगळे जण "नाही" म्हणतात. तो उत्तरासाठी विचारलेलाच नसतो. टंकलेखक तोवर बोटे मोडायला लागलेला असतो. पण लारूला आयुष्यभर हा एकच प्रश्न विचारला गेला होता. फाट्याफाट्यावर, तहानलेल्या, वैतागलेल्या, निघायची घाई झालेल्या माणसांनी तो विचारला होता, आणि "नाही" हे उत्तर तिने कधीही मागे वळून पाहिल्याशिवाय दिले नव्हते. ऑरिन लीविटचे पाऊल तिने साऱ्या आयुष्यभर गावातून फरफटत जाताना पाहिले होते. टेबलापलीकडे रूलन बसला होता. त्याने मान अगदी थोडी हलवली. ती कशासाठी, हे तिला नीट कळले.

"राहिलंय," लारू म्हणाली.

वकीलबाईंनी पेनाचे टोपण पुन्हा काढले.

लारूने खोडाची हकीकत सांगितली. पहाट, धुरळा, चाकोरीतले मेलेले पक्षी, टेकाड, ग्लेड. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत लांब बोलणे असावे. मग वकीलबाईंनी विचारले, की म्हणजे दर वर्षी काही आठवडे हा रस्ता वापरात नव्हता, असेच ना. लारूने होकार दिला. कुणाच्या सांगण्यावरून तो बंद केला जाई, असेही विचारले गेले.

"कुणाच्याच नाही. आमचाच रस्ता होता, म्हणून आम्हीच बंद केला. दुसऱ्याच्या रस्त्यावर मी लाकूड कशाला टाकीन?"

केंडनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर त्याने सहकाऱ्यांना सांगितले, की आपल्या कारकिर्दीत साक्षीदाराने आपली बाजू इतक्या सरळ मनाने बुडवलेली पाहिली नाही. आणि हेही, की त्या क्षणी आपल्याला राग येत नव्हता, याचेच आपल्याला नवल वाटले.

गावाला राग आला. तो गावाने गावाच्या पद्धतीने दाखवला. कुणी तोंडावर बोलले नाही. वॉर्डाच्या सहभोजनात लारूने आणलेल्या बटाट्याच्या थाळीत पळी बुडालीच नाही. दुरुस्तीला येणाऱ्या करवती शेजारच्या गावी जाऊ लागल्या. क्लबाच्या शनिवारच्या फेऱ्यांचा निरोप तिला पोचेनासा झाला. फेरी गेली हे तिला धुरळ्यावरून कळे. रूलनने येऊन एकदाच काय ते बोलून घेतले.

"तुला मागे ठेवली होती ती माणसं सांभाळायला, लारू. रस्ता सोडून द्यायला नव्हे."

"जे मागे दिसलं ते सांगितलं."

"कुणी विचारलं होतं?"

"हो," लारू म्हणाली. "विचारलं होतं."

रूलन निघून गेला आणि हिवाळाभर तिच्या दुकानाकडे फिरकला नाही. साठ वर्षांत असे पहिल्यांदाच घडत होते. लारू रोज दुकान उघडी, शेगडी पेटवी, जुन्या गाड्यांचे सुटे भाग घासूनपुसून ठेवी. मुलीने पुन्हा बोलावले. ती गेली नाही. चूक केली असे वाटते का, असे मुलीने फोनवर विचारले. रस्ता गेला तर वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, असे ती म्हणाली. पण फाट्यावरच्या माणसाला खोटे सांगून पुढे पाठवायचे, तर मग शेवटी कुणीही राहिले तरी चालले असते.

खटल्याचा निकाल लागला नाही. असले खटले माणसांपेक्षा जास्त जगतात. पण जबानीचा एक परिणाम असा झाला, जो कुणाच्या हिशेबात नव्हता. आपले फाटक पक्ष्यांसाठीच आहे, गावाला पक्ष्यांचे काही पडलेले नाही, असे खाते आजवर सांगत आले होते. आता त्यांच्याच दप्तरात शपथेवर लिहिलेले होते, की खात्याचा माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी गाव आपला रस्ता पक्ष्यांसाठी आपणच बंद करत होते. पुढच्या भेटीत वकीलबाईंनी केंडनपुढे प्रस्ताव ठेवला. निकाल लागेपर्यंत फाटक वर्षभर उघडे राहील. फक्त वसंतात, मेच्या मध्यापर्यंत, बंद. केंडनने तो घेतला. क्लबातल्या काही जणांना ही माघार वाटली, काहींना पोटापुरते मिळाले असे वाटले. लारूचे नाव कुणी काढले नाही. पण महिन्याभरात दोन करवती तिच्या दुकानात परत आल्या.

त्या वर्षी वसंत लांबला. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा बर्फ पडला, मे कोरडा पण गार होता. ठरल्या दिवशी खात्याच्या माणसाने येऊन कुलूप काढले आणि तो निघून गेला. शनिवारी फाटकाशी पहाटेपासून गर्दी होती. सॉल्ट लेकहून, लास व्हेगसहून लोक ट्रेलर जोडून आले होते. क्लबाचा ताफा होता. लारूला यंदा निरोप आला होता, कुणाकडून ते लिहिलेले नव्हते, आणि ती आपली चारचाकी घेऊन मागे येऊन उभी राहिली.

ताफा पुढे सरकत नव्हता. फाटक सताड उघडे होते, आणि त्याच्या पलीकडे, रस्त्यावर आडवा, रूलन लीविटचा पिकअप ट्रक उभा होता. आत रूलन, कोटाची कॉलर वर केलेला, रूट बिअर या बिनदारूच्या गोड पेयाचा डबा हातात. म्होरक्याने आदल्या दिवशी वाट तपासून यायची, हा क्लबाचा नियम. तो तपासून आला होता. काच अर्धी खाली करून तो समोर उभ्या तरुण पाहुण्याशी बोलत होता. त्या पाहुण्याच्या ट्रेलरवर रूलनच्या घराहून महाग गाडी होती.

"काका, सरकारनंच फाटक उघडलंय," पाहुणा म्हणत होता.

"दिसतंय मला."

"मग तुम्ही कोण अडवणारे?"

"या फाटकासाठी कोर्टात गेलेला म्हातारा. तारीख सरकारची आहे, कोंबड्यांची नाही. त्यांचं अजून उरकलं नाही. ऊन त्या कड्यावर येऊ दे, मग सोडतो. रोज असंच. ते उठले, की मग दिवसभर धावा."

पाहुण्याने मागे वळून कुणीतरी शहाणे माणूस शोधले आणि त्याला लारू दिसली. हा म्हातारा ठीक आहे ना, असे त्याने तिला दबक्या आवाजात विचारले. लारू गाडीवरून उतरली. ठीक नाही, कधीच नव्हता, असे तिने सांगितले. आणि बूट चांगले असतील तर माझ्यामागून टेकाडावर चल, म्हणाली. दोघे चालत वर गेले. चढाला तिला त्याचा हात धरावा लागला. माथ्याजवळ तिने त्याला खाली व्हायला सांगितले, आणि तो आपल्या नव्याकोऱ्या जाकिटासह पोटावर पडला.

ते परतले तेव्हा पाहुणा मुकाट्याने आपल्या ट्रेलरपाशी गेला आणि मित्रांना इंजिने बंद करायला सांगू लागला. लारू पिकअपच्या दुसऱ्या बाजूला गेली. रूलनने आतून दाराची खिटी वर केली. ती चढून बसली. दोघे समोरच्या माळाकडे पाहू लागले, जिथले एवढ्या अंतरावरून काहीच दिसत नव्हते.

"किती आहेत?" रूलनने विचारले.

"पूर्वीइतके नाहीत. पण आहेत."

त्याने पायाशी ठेवलेला रूट बिअरचा दुसरा डबा उचलला, फोडला आणि तिच्या हातात दिला.